पेरी आणि अबेसेडेरियन: अंगणवाडीच्या गप्पांत एकत्र होणारे दोन प्रयोग

गरिबाघरच्या पोरांना लहानपणीच नीट शिकवलं तर पुढं काय होतं, हा विषय निघाला की कोल्हापुरातल्या कुठल्याही सभेत 'अमेरिकेतल्या त्या अभ्यासा'चा दाखला येतोच. तो कुठला, हे कुणी सांगत नाही. बहुतेक वेळा पेरी आणि अबेसेडेरियन या दोन प्रयोगांची भेळ झालेली असते. दोन्हींत बहुतेक मुलं गरीब, कृष्णवर्णीय घरांतली. दोन्हींत मुलांचे दोन गट पाडले, एकाला ही सोय दिली, दुसऱ्याला नाही, आणि ती मोठी होईपर्यंत माग काढला. साम्य एवढंच.

पेरीची बालवाडी १९६२ साली मिशिगनमधल्या इप्सिलांटी गावात सुरू झाली. एकूण १२३ मुलं अभ्यासात, त्यातली ५८ बालवाडीत. वय तीन-चार वर्षं, वेळ सकाळी साधारण अडीच तास. शिवाय दर आठवड्याला शिक्षिका घरी जायची, आईसमोर मुलाला घेऊन दीडेक तास बसायची. दाखला देणारे नेमकं हेच गाळतात.

बालवाडीतल्या मुलांचा बुद्ध्यांक आधी वाढला आणि दुसरी-तिसरीपर्यंत फरक विरून गेला. हिशोब तिथंच बंद केला असता तर प्रयोग फसला म्हणाले असते. पण चाळिशीत पाहिलं तेव्हा बालवाडीतल्यांपैकी ७७ टक्क्यांनी शालेय शिक्षण पुरं केलं होतं, इतरांपैकी ६० टक्क्यांनी. पाच किंवा जास्त वेळा अटक झालेले इकडं ३६ टक्के, तिकडं ५५.

अबेसेडेरियन १९७२चा, नॉर्थ कॅरोलिनातला. १११ बाळं, काही महिन्यांची असतानाच घेतलेली. निम्म्यांना पाच वर्षांचं होईपर्यंत दिवसभर आणि जवळजवळ वर्षभर सांभाळलं, शिकवलं, खाऊपिऊ घातलं. म्हणजे आपल्याकडचं पाळणाघरच, पण फार चांगलं. इथं अभ्यासातली आघाडी एकविसाव्या वर्षीही टिकली. तिशीत २३ टक्क्यांकडं पदवी होती, दुसऱ्या गटात ६. पस्तिशीच्या आसपास तब्येतही बरी निघाली. गुन्ह्यांत मात्र ठळक फरक नाही. तेव्हा 'बालवाडी काढा, गुन्हेगारी घटेल' म्हणणारा पेरीबद्दल बोलतोय, हे ध्यानात घ्या.

शिरोलीच्या कारखान्यात सकाळी कामावर जाणाऱ्या बाईला अंगणवाडीचे मोजके तास पुरत नाहीत; धाकट्याला सांभाळायला थोरली शाळा बुडवते. तिची गरज अबेसेडेरियनच्या जातीची आहे. अंगणवाडी तासांच्या मानानं पेरीजवळची, पण सेविकेच्या मागं वजनं, आहारवाटप, रजिस्टरं, मोबाईलमधल्या नोंदी, वर सर्वेक्षणं. गृहभेट होते, तीही बऱ्याचदा लस आणि वजनापुरती. एका वस्तीत मी वेगळं पाहिलं: आई शेंगा फोडत बसलेली, सेविकेनं पोराला शेजारी बसवून मोठ्या शेंगा इकडं, बारक्या तिकडं करायला लावलं आणि आईला म्हणाली, "वैनी, रोज एवढंच करा की." पेरीच्या शिक्षिका घरी जाऊन काही याहून फार वेगळं करत नव्हत्या.

दोन्ही प्रयोग छोटे आणि जुने, हेही खरं. टेनेसी राज्यानं मोठ्या प्रमाणावर सरकारी बालवाड्या चालवल्या. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या निकालांत त्यांतली मुलं सहावीत इतरांपेक्षा मागंच पडलेली दिसली. म्हणून रंगवलेल्या भिंती दाखवून कुणी पेरीचं नाव घेतलं की मी आधी विचारतो, सेविकेला घरोघरी जायला वार कुठला ठेवलाय?