हत्यारांच्या पेटीची मूठ : कडी, नॉब आणि कॅम्पातलं पितळ

हत्यारांच्या पेटीच्या ड्रॉवरला मूठ असायचीच असं काही पूर्वी नव्हतं, हे आधी सांगून टाकतो, कारण बेळगावच्या बाजारात मुठी शोधत फिरलं की वाटतं ही गोष्ट पेटीइतकीच जुनी आहे. तशी ती नाहीये. स्वीडनच्या गॉटलंड बेटावर १९३६ साली नांगराला लागून एक ओकची पेटी वर आली, व्हायकिंग काळातली, आत सुताराची आणि लोहाराची दोनशेच्या आसपास हत्यारं. तिला झाकण आहे, कुलूप आहे, पण ड्रॉवर नाहीत, मग मूठ कुठली. इंग्लंडमधल्या सुतारांच्या मोठ्या पेट्याही अठराव्या-एकोणिसाव्या शतकापर्यंत वरून उघडायच्याच, आत सरकते कप्पे, ते बोटानं कडेला धरून मागंपुढं ढकलायचे, बास. आपल्याकडं तर बलुत्यावर काम करणारा सुतार वाकस, करवत, रंधा घेऊन वाड्यावर नाहीतर मळ्यात जायचा, त्याची पेटी असली तर झाकणाचीच.

म्हणजे मूठ आली ती कपड्यांच्या आणि कागदांच्या फर्निचरवरून. इंग्लंडात सतराव्या शतकाच्या शेवटी थेंबासारखं लोंबतं पितळ, आत वाकवलेल्या लोखंडी तारेनं अडकवलेलं. मग अठराव्यात दोन खुंट्यांमध्ये झुलणारी कडी, मागं पितळी पत्रा. पुढं बर्मिंगहॅममध्ये पत्रा ठशानं दाबून काढायला लागले आणि पितळ स्वस्त झालं. एकोणिसाव्यात खरादावर काढलेल्या लाकडी गोल मुठी. एवढं पुरे, ह्यावर बाहेर भरपूर लिहिलेलं आहे.

आपल्याकडं घोळ शब्दांपासनं सुरू होतो. बाजारात जाऊन "कडी द्या" म्हटलं की दुकानदार दाराची कडी काढतो, नाहीतर सरळ अल्ड्रॉप पुढं ठेवतो. "मूठ" म्हटलं तर खिडकीची का रंध्याची असं विचारतो. "हँडल" म्हटलं की डी आकाराचं दोन स्क्रूचं येतं आणि "नॉब" म्हटलं की एका स्क्रूचं गोल. खानापूर भागातला आमचा एक म्हातारा सुतार ह्या सगळ्याला मूठच म्हणायचा, चिकोडीकडचे बडिगेर, म्हणजे तिकडचे सुतार, कन्नडमध्ये हिडिकी म्हणतात. आणि "खणाची मूठ" म्हणाल तर समोरचा गोंधळलाच म्हणून समजा, कारण खण म्हटलं की कन्नड असो वा मराठी, बाईमाणसांना चोळीचा खणच आठवतो, आणि जुन्या घरातली माणसं दोन तुळयांमधल्या जागेला खण म्हणतात. खरंतर मेजाचा खण, गल्ल्याचा खण हा चांगला मराठी शब्द होता, ड्रॉवरनं तो खाऊन टाकला.

ही नुसती शब्दांची हौस नाही बरं का. कडी, मूठ आणि खाच ह्या तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि ओढायची पद्धत तिघींची वेगळी. कडी लोंबते, दोन बोटं आत घालून ओढायची. मूठ पुढं येते, पूर्ण पकडता येते. खाच म्हणजे फळीच्या वरच्या कडेला अर्धगोल कापलेली जागा, तिथं काही लावायचंच नाही. तिघींना "हँडल" म्हणून एकाच ढिगात टाकलं की माणूस दिसण्यावर निवडतो आणि मग पावसाळ्यात रडतो.

आता मुख्य वाद, ज्याच्यावर आम्हा सुतारकाम करणाऱ्यांत अजून एकमत नाही. खोबणीत बसलेलं पितळी हँडल, ज्याला आता सगळे "कॅम्पेन", म्हणजे फौजी मोहिमेवरचं, म्हणतात. १८१८ मध्ये इंग्रजांनी बेळगावचा किल्ला घेतला, पुढं छावणी झाली, म्हणून आजही आपण त्या भागाला कॅम्पच म्हणतो. त्या काळच्या इंग्रज फौजी अधिकाऱ्याचं सामान बैलगाडीनं, जहाजानं फिरायचं, त्यासाठी खास फर्निचर होतं. ड्रॉवरचं कपाट दोन भागात सुटायचं, पाय फिरवून काढता यायचे, कोपऱ्याला पितळी पट्ट्या, आणि हँडल फळीच्या आत बसवलेलं, बाहेर काहीच येत नाही. दोरी अडकत नाही, शेजारच्या पेटीला ओरखडा नाही. डोकं लावून केलेली वस्तू आहे, मी तिचा मान राखतो.

पण ती हत्यारांच्या पेटीला बसते का? एक बाजू म्हणते की हत्यारांची पेटीपण फिरणारीच, टेंपोत टाकून साइटवर न्यायची, म्हणून हेच खरं. मला हे अर्धंच पटतं. पाऊण इंची फळी म्हणजे सहा सूत, त्यातले तीन सूत हँडलच्या खोबणीसाठी खोदले की मागं तीनच सूत राहतात, आणि ड्रॉवरमध्ये पटाश्या, कानशी असलं वजन. शिवाय ती कडी दोन बोटांचीच. अथणीला कोरड्या हवेत ठीक आहे हो, तिथं ड्रॉवर वर्षभर सुळसुळ सरकतो. पण खानापूर, कणकुंबीकडं जुलैमध्ये हवा एवढी ओली की सागवानसुद्धा फुगतं, ड्रॉवर दोन्ही बाजूंनी घट्ट धरतो, तिथं दोन बोटांनी ओढून बघा, नखं जातील. तिथं पूर्ण पंजा मावेल अशी मूठ पाहिजे. एकाच जिल्ह्यात दोन हवा आहेत, मग एकच उत्तर कसं असेल? कॅम्पेनवाल्यांनी ह्याचा विचार करावा असं मला मनापासून वाटतं.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत मशिनिस्टची, म्हणजे यंत्रावर धातूचं काम करणाऱ्याची, लाकडी पेटी चालू झाली, लहान लहान ड्रॉवर, आत हिरवं फेल्ट, छोट्या निकेलच्या मुठी. ड्रॉवरवाली हत्यारांची पेटी म्हणून आज जी डोळ्यासमोर येते ती हीच. तिची पुढची फळी रात्री ड्रॉवरवर लावून कुलूप घालायचं, दिवसा तीच फळी खाली सरकवून आत ठेवायची. म्हणून मुठी बुटक्या, फळी आणि ड्रॉवर यांच्यातल्या फटीत मावतील एवढ्याच. फट आधी मोजायची, मूठ नंतर घ्यायची. इथं किती जणांनी उलटं केलंय ते मी बघितलंय, सुंदर मुठी आणल्या आणि फळीच बसेना.

नंतरचा सगळा काळ मिलिमीटरचा. १९५६ च्या कायद्यानं मेट्रिक आलं, सुताराच्या तोंडातलं सूत मात्र गेलं नाही, आठ सुतांचा इंच अजून चालतो. अडचण कुठं येते सांगतो. जुन्या हँडलच्या दोन भोकांमधलं अंतर तीन इंच, म्हणजे ७६ मिलिमीटर. मॉड्युलर किचन आल्यापासनं दुकानात ९६, १२८, १६० मिळतं, सगळे ३२ च्या पाढ्यातले, ही जर्मनीकडची कपाटं बनवायची पद्धत. म्हणजे जुनी भोकं कशालाच जुळत नाहीत. माझ्या पेटीचा खालचा ड्रॉवर आजोबांच्या मेजातून काढलेल्या फळीचा आहे, पालथी घातली की आत तिचा इतिहास दिसतो. मधोमध एक जाड भोक, लाकडी खुंटीनं बुजवलेलं, म्हणजे आधी गोल मूठ होती. दोन्ही बाजूंना एकमेकांपासून तीन इंचांवर दोन भोकं, भोवती काळा डाग, म्हणजे नंतर लोखंडी हँडल लागलं आणि पावसात गंजून लाकडात उतरलं. हा डाग रंध्यानं दोनदा काढायचा प्रयत्न केला, आत गेलाय तो. आता तिथं ९६ चं लावायचं तर आणखी दोन भोकं, मी नाही लावलं.

आताचं सामान बहुतेक अलीगढ, जामनगर, राजकोटकडनं येतं, चमक चांगली, वजन कमी, आणि बऱ्याचदा जस्ताच्या ओतकामावर पितळी मुलामा. हातात घेतलं की कळतं. वाईट ह्याचं वाटतं की आपल्या बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत एवढ्या फाउंड्र्या आणि लेथ, तरी चार पितळी मुठी ओतून द्या म्हटलं की कमीतकमी शंभर पाहिजेत म्हणतात. त्यांचंही बरोबर आहे, चार मुठींसाठी साचा कोण करणार. अलीकडं तर मूठच नको, दाबलं की ड्रॉवर बाहेर, अशी फॅशन आहे. हत्यारांच्या पेटीत ते घालू नका, टेंपोच्या धक्क्यानं सगळे ड्रॉवर आपोआप उघडतील.

रुंद ड्रॉवरला एक मूठ का दोन हापण जुनाच प्रश्न. ड्रॉवर खोलीपेक्षा रुंदीला जास्त असला आणि दोन मुठींपैकी एकच ओढली की तो तिरका होऊन अडकतो. दोन लावल्या तर दोन्ही हातांची सवय पाहिजे. वरचे बारके ड्रॉवर एकाच मुठीवर सुटतात.

त्या म्हाताऱ्या सुताराची रीत मी माझ्या पेटीला धरली. शिसवीचा उरलेला तुकडा लेथवर लावून मूठ काढायची, मागं तिचीच अर्ध्या इंचाची दांडी ठेवायची, फळीत आरपार भोक, दांडीला शेवटी करवतीची एक चीर, आणि आतून पाचर ठोकायची. स्क्रू नाही, त्यामुळं ढिलं होऊन गरगर फिरायचा प्रश्न नाही. मी पहिली मूठ बसवत होतो तेव्हा त्यानं हात धरला. "काय करालास? पाचर रेषेला आडवी ठोक, रेषेत ठोकलीस तर फळी फाटंल." म्हणजे फळीचे रेषे आडवे जात असतील तर दांडीची चीर उभी ठेवायची, पाचर रेषांना काटकोनात बसली पाहिजे, दाब रेषांच्या लांबीवर जातो आणि लाकूड सोसतं. ठोकताना आवाज बदलतो, टक्‌टक्‌ जाऊन जड ठप्प येतो, तिथं थांबायचं आणि बाहेर आलेलं टोक पटाशीनं सपाट करायचं.