जंगलातली बेवारस गाडी ‘सापडेल त्याची’ नसते

नागपुरात जुन्या गाड्यांचे शौकीन जमले की हे हमखास ऐकू येतं: पेंचकडच्या झाडीत एखादी जीप गंजत पडली असेल, तर पार्ट काढून आणा, कोण विचारतंय? विचारतात. गाडी पडून राहिली म्हणून मालकी आपोआप संपत नाही. मालक न शोधता सापडलेला माल लाटणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१४ खाली गुन्हा ठरू शकतं. अभयारण्यात तर विनापरवाना शिरायचंच नाही. चेसिस नंबर दिसला तर टिपून पोलिसांना कळवा.

आणि हाती लागणार तरी काय? पालापाचोळ्याच्या ओलीनं खालचा पत्रा चाळण झालेला असतो. काचा, ॲल्युमिनियमचा कार्बोरेटर, नशीब असेल तर मीटर, एवढंच धड निघतं. सीटच्या स्प्रिंगांत घोणस बसलेली असू शकते, ते वेगळंच. गाडी ५० वर्षांहून जुनी असली, तरी कागदांशिवाय ‘व्हीए’ मालिकेचा व्हिंटेज नंबर मिळत नाही.