राइशस्टागचा घुमट : पार्श्वभूमी

बर्लिनमधील राइशस्टाग या जर्मन संसदभवनाच्या काचेच्या घुमटात चढून शहर पाहणे विनामूल्य असले, तरी त्यासाठी आगाऊ नावनोंदणी करावी लागते. आज हा घुमटच इमारतीची ओळख बनला असला, तरी नव्वदच्या दशकात इमारतीची पुनर्रचना करणारे वास्तुरचनाकार नॉर्मन फॉस्टर यांच्या मूळ आराखड्यात तो नव्हता.

पाउल वालोट यांनी रचलेल्या या संसदभवनाची कोनशिला १८८४ मध्ये बसवली गेली आणि १८९४ मध्ये ते पूर्ण झाले. पोलाद व काचेचा घुमट तेव्हाही होता. दर्शनी भागावरील ‘जर्मन जनतेस’ ही अक्षरे मात्र १९१६ मध्ये, म्हणजे पहिले महायुद्ध ऐन भरात असताना लागली. नेपोलियनविरुद्धच्या युद्धात हाती आलेल्या तोफा वितळवून ती ओतली होती. जनतेच्या सभागृहावर जनतेचे नाव यायला बावीस वर्षे लागली, यातच तेव्हाच्या कैसरच्या (जर्मन सम्राटाच्या) राजवटीचा स्वभाव दिसतो.

२७ फेब्रुवारी १९३३ च्या आगीने सभागृह जळाले, पुढे दुसऱ्या महायुद्धाने उरलेसुरले खिळखिळे केले आणि घुमटाचा सांगाडा १९५४ मध्ये सुरुंग लावून पाडण्यात आला. साठच्या दशकातील दुरुस्तीत घुमट परत उभारला गेला नाही. बर्लिनची भिंत तर इमारतीच्या पाठीला लागूनच गेली होती.

जर्मनीच्या एकीकरणानंतर, २० जून १९९१ रोजी, ३३८ विरुद्ध ३२० मतांनी संसद बॉनहून बर्लिनला नेण्याचे ठरले. फॉस्टर यांनी आधी संपूर्ण इमारतीवर एक विशाल छत सुचवले होते. घुमटाचा आग्रह राजकारण्यांचा. नाइलाजाने स्वीकारलेल्या या घुमटातून फॉस्टर यांनी जे साधले, ते मात्र अस्सल आहे. १९९९ मध्ये खुल्या झालेल्या, ४० मीटर व्यासाच्या या घुमटाच्या मधोमध ३६० आरशांचा उलटा शंकू आहे; तो दिवसाचा उजेड खाली सभागृहात सोडतो आणि तिथली तापलेली हवा वर ओढून घेतो. त्याभोवतीच्या दोन सर्पिल उतारांपैकी एकाने चढायचे, दुसऱ्याने उतरायचे. चढताना टीअरगार्टन उद्यानाची झाडी आणि ब्रांडेनबुर्ग दरवाजा नजरेस पडतो, तर पायांखाली, काचेपलीकडे, खासदारांची बाके असतात.

१९४५ मध्ये सोव्हिएत सैनिकांनी कोळशाने भिंतींवर लिहिलेली नावेही फॉस्टर यांनी जपली. ती पाहायची असल्यास केवळ घुमटाची नोंदणी पुरत नाही, मार्गदर्शकासोबतची फेरी वेगळी नोंदवावी लागते.