पिकांच्या पुनरावृत्त डीएनएमधील उत्परिवर्तन

डीएनएमध्ये एकच मजकूर पुन्हा पुन्हा येतो, त्या भागाला पुनरावृत्त डीएनए म्हणतात. त्या नकलांची संख्या, जागा किंवा अक्षरे (डीएनएचे ए, टी, जी, सी हे चार घटक) बदलली की ते त्यातले उत्परिवर्तन. मका आणि गहू यांच्या जनुकसंचाचा, म्हणजे पेशीतल्या संपूर्ण डीएनएचा, सुमारे ८५ टक्के भाग असा आहे. ज्वारीत, म्हणजे खानदेशातल्या रब्बीच्या दादरमध्येही, तो निम्म्याहून जास्त भरतो. या भागाला बरीच वर्षे ‘टाकाऊ’ म्हटले गेले. हा शब्द अन्यायकारक होता.

यातला एक प्रकार सूक्ष्मउपग्रह म्हणजे मायक्रोसॅटेलाइट. ‘जीए-जीए-जीए’ अशी दोन-तीन अक्षरे रांगेने येतात. नक्कल उतरवताना दोन धागे जागेवरून घसरतात आणि बारा जोड्यांच्या तेरा किंवा अकरा होतात. एका साध्या अक्षराच्या बदलापेक्षा हे हजारो पटींनी जास्त वेळा घडते. म्हणूनच दोन वाणांची ओळख पटवायला हेच ठिकाण सोयीचे पडते.

दुसरा प्रकार फिरत्या घटकांचा, ट्रान्सपोझॉनचा. मक्याच्या ठिपकेदार दाण्यांवरून बार्बरा मॅक्लिंटॉक यांनी १९४०च्या दशकात तो ओळखला. त्यासाठी नोबेल मिळाले ते १९८३ मध्ये. असा घटक एखाद्या जनुकात जाऊन बसला की ते बंद पडते, बाजूला बसला तर त्याचे काम वाढते किंवा मंदावते. काही घटक स्वतःची नवी प्रत टाकत जातात आणि जनुकसंच फुगतो. कापसाच्या कुळात हे ठळक दिसते: देशी कापसाचा (गॉसिपियम आर्बोरियम) जनुकसंच सुमारे १७० कोटी अक्षरांचा, तर दक्षिण अमेरिकेतल्या रानकापसाचा (गॉसिपियम रायमोंडी) त्याच्या जवळपास निम्मा. फरक मुख्यतः या प्रतींचा आहे, जनुकांचा नव्हे.

खानदेशासाठी हा विषय केळीपाशी येऊन थांबतो. केळीला बी नाही. रावेर-यावलच्या बागा पूर्वी कंद-मुनव्यांवर उभ्या राहत, आता ग्रँड नैन या वाणाची टिश्यू कल्चर (प्रयोगशाळेत पेशीसंवर्धनाने वाढवलेली) रोपे लागतात. मृगबाग (पावसाळ्याच्या सुरुवातीची लागवड) असो की कांदेबाग (पावसाळ्यानंतरची), शेतकऱ्याला सगळी झाडे एकसारखी आणि घड एकाच वेळी हवे असतात. पण प्रयोगशाळेतल्या बाटलीत पेशी वारंवार विभागताना फिरते घटक जागे होऊ शकतात. भातात टॉस१७ नावाचा घटक असाच सुप्त असतो आणि पेशीसंवर्धनात चालू होतो. १९९६ मध्ये हे दाखवले गेले. एका रानकेळीच्या ‘बी’ (इंग्रजी B) नावाच्या जनुकसंचात तर एका विषाणूचे तुकडे गुंतलेले असतात. संवर्धनाच्या ताणाने ते जागे झाले, की संकरित वाणाच्या निरोगी रोपातून रोग उगवतो. ग्रँड नैनमध्ये तो जनुकसंच नाही, हे आपल्या बागांचे भाग्य.

बागेत वेगळे निघालेले झाड ओळखता येते: बुटके खोड, आखूड देठ, पंख्यासारखी दाटीने बसलेली रुंद पाने. कधी गुणसूत्र, कधी एखादे जनुक, कधी डीएनएवरच्या रासायनिक खुणा बदललेल्या असतात. दरवेळी पुनरावृत्त भागच दोषी असतो असे नाही. खात्रीसाठी मातृवृक्षाच्या आणि रोपांच्या डीएनएचे पट्टे जेलवर (तुकडे लांबीप्रमाणे वेगळे करणाऱ्या थरावर) शेजारी ठेवून पाहतात. मात्र ही चाचणी थोडीच ठिकाणे तपासते, त्यामुळे पट्टे जुळूनही झाड बुटके निघू शकते. म्हणून एकाच कंदापासून पिढ्यान्‌पिढ्या रोपे काढत न राहता ठरावीक फेऱ्यांनंतर थांबून नवा मातृकंद घेतात, आणि लागवडीनंतर दोन-तीन महिन्यांनी बागेतून फिरून वेगळी झाडे मुळासकट काढतात.