अदृश्य पुराव्यावर चाललेले खटले

‘सेलमच्या चेटकिणींचं रहस्य उलगडलं’ असे व्हिडिओ अधूनमधून फिरत असतात आणि त्यात सगळा दोष राय नावाच्या धान्याच्या पावातल्या बुरशीवर टाकलेला असतो. प्रकरण १६९२ सालचं, अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स या इंग्रज वसाहतीतलं. सेलम गावच्या पाद्र्याच्या घरात दोन लहान मुलींना झटके येऊ लागले. त्या किंचाळायच्या, अंग वेडंवाकडं करायच्या. पुढच्या काही महिन्यांत शेकड्याच्या वर माणसांवर चेटकाचे आरोप झाले, १९ जणांना फाशी झाली आणि म्हाताऱ्या जाइल्स कोरीचा अंगावर दगड रचून जीव घेतला गेला. (जाळलं मात्र कुणालाच नाही.)

ही बुरशी म्हणजे अरगट. बाजरी पिकवणाऱ्यांना ती नवी नाही. पेरणीआधी बियाणं मिठाच्या पाण्यात टाकून तरंगणारं काढून टाकतात, ते तिच्यासाठीच. रायवरच्या अरगटातल्या रसायनांनी झटके येऊ शकतात, भासही होऊ शकतात. म्हणून सेलमच्या मुली अरगटानेच पछाडल्या असाव्यात, असं संशोधक लिंडा कॅपोरेल यांनी १९७६ साली मांडलं. त्याच वर्षी स्पॅनोस आणि गॉटलिब या संशोधकांनी त्याची चिरफाड केली. एकाच भट्टीतला पाव खाणारी घरातली बाकीची माणसं धडधाकट कशी? आरोपी समोर आली की झटका येतो आणि तिचा हात लागला की थांबतो, हे कसं? विषाला कोर्टात कोण उभं आहे हे कळत नाही. मला हा प्रतिवाद बिनतोड वाटतो.

खरा प्रश्न वेगळाच आहे. चेटकाचे आरोप त्या वसाहतींमध्ये आधीही व्हायचे, पण न्यायाधीश पुरावा मागायचे आणि बहुतेक आरोपी सुटायचे. मग १६९२ मध्येच फास का आवळला गेला?

कारण त्या खास न्यायालयाने छायारूपाची साक्ष ग्राह्य धरली. ‘हिची आकृती रात्री माझ्या छातीवर बसली’ असं एखादी मुलगी सांगे. आरोपी त्या वेळी चार कोसांवर, दहा माणसांत असली तरी उपयोग नाही; देह तिकडे, आकृती इकडे! निरपराध माणसाचं रूप घ्यायला देव सैतानाला मुभा देणार नाही, असं मुख्य न्यायाधीश स्टॉटन मानत. म्हणजे आकृती दिसली की गुन्हा सिद्ध. जे विधान खोटं ठरवण्याची कुठलीच सोय नाही, ते विज्ञानात बाद होतं. इथे त्यावर माणसं फासावर गेली.

त्यात दुसरा पेच असा, की कबुली देऊन त्यावर ठाम राहिलेल्या कुणालाही फाशी झाली नाही आणि नाकारणारे लटकले. कबुली देणाऱ्याला साथीदारांची नावं विचारली जात. प्रत्येक कबुलीतून नवे आरोपी, त्यांच्याकडून नव्या कबुल्या. अँडोव्हर गावात तर कबुल्यांची रांगच लागली.

७१ वर्षांच्या रिबेका नर्सला ज्यूरीने आधी निर्दोष ठरवलं होतं. मुलींनी आरडाओरडा केला, तेव्हा स्टॉटन यांनी ज्यूरीला तिच्या एका वाक्याची आठवण करून दिली. साक्षीला आणलेल्या एका कैदी बाईला पाहून ती म्हणाली होती, ‘ही तर आमच्यातलीच.’ तिला ‘आमच्याबरोबरची कैदी’ म्हणायचं होतं. ज्यूरीने खुलासा विचारला, पण कमी ऐकू येत असल्याने ती गप्प राहिली. निकाल फिरला. १९ जुलैला तिला फाशी दिली.

ऑक्टोबरमध्ये गव्हर्नर फिप्स यांनी ते न्यायालय मोडलं. जानेवारी १६९३ पासून नव्या न्यायालयाने छायारूपाच्या साक्षीला थारा दिला नाही. वसाहत तीच, भीती तीच, मुख्य न्यायाधीशही स्टॉटनच. तरी दोषी ठरले फक्त तिघे आणि त्यांनाही फिप्स यांनी वाचवलं. इतका स्वच्छ प्रयोग इतिहासात क्वचितच हाती लागतो.

आपल्याकडे सातपुड्यात आजही बाईला डाकीण ठरवून छळतात. एखाद्यावर करणीचा आळ घेऊन त्याचा छळ करणं २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे, हे गावोगाव पोचायला हवं.

सेलममध्ये नावं कुणाची घेतली गेली, याची उत्तरं इतिहासकारांनी शोधली. बॉयर आणि निसेनबॉम यांना गावातल्या पटनम आणि पोर्टर घराण्यांची तेढ दिसली. भाऊ किंवा मुलगा नसल्याने मालमत्तेच्या वारस ठरणाऱ्या बायकांवर जास्त रोख होता, हे कॅरल कार्लसन यांनी दाखवलं. मेरी बेथ नॉर्टन यांनी उत्तरेच्या सरहद्दीवर फ्रेंच आणि मूळ रहिवासी टोळ्यांशी चाललेल्या युद्धाकडे बोट दाखवलं. आरोप करणारी मर्सी लुईस ही मोलकरीण त्याच युद्धात पोरकी झाली होती. आणि न्यायासनावर बसलेल्यांपैकी काही जण त्या सरहद्दीच्या रक्षणाला जबाबदार होते. पराभव सैतानामुळे झाला असं ठरलं, तर जाब त्यांना कुणी विचारणार नव्हतं.