स्पेसमधून निरोप: लिंडापासून वजनकाट्यापर्यंत

गळीत हंगामात चिकोडी-निपाणी पट्ट्यातल्या साखर कारखान्यात उसाची ट्रॉली काट्यावर चढते. भरलेले वजन नोंदले जाते, गव्हाणीत ऊस उतरवून ट्रॉली परतली की रिकामे वजन होते आणि निव्वळ टनेज ठरते. या एका नोंदीवर निदान चार कामे अडलेली असतात: शेतकऱ्याचे ऊसखाते, तोडणी-वाहतुकीचे बिल, गाळपाचा रोजचा तक्ता आणि शेतकऱ्याच्या मोबाइलवर जाणारा एसएमएस. सीमाभागात शेवटच्या कामाला आणखी एक फाटा फुटतो. पहाणीवर (कर्नाटकातल्या सातबारावर) नाव कन्नडात आणि घरात भाषा मराठी, असे शेतकरी इथे गावोगाव आहेत. एसएमएस दोन्ही लिप्यांत पाठवायचा, तर प्रत्येक निरोपाची भाषा पाहूनच तो उचलावा लागतो.

वेगवेगळ्या प्रोग्रामांची अशी जोडणी (इंटिग्रेशन) बहुतेक जण मेसेज क्यूने, म्हणजे निरोपांच्या रांगेने, करतात. दुसरी रीत सामायिक ऑब्जेक्ट स्पेसची. तिच्यात रांग नसते. सगळे निरोप एका मोकळ्या जागेत ठेवलेले असतात आणि ज्याला जो हवा, तो त्याचे वर्णन देऊन उचलतो. ही रीत इंटिग्रेशनसाठी जन्मलेली नाही. तिच्यातल्या बहुतेक अडचणींचे मूळ इथेच आहे, म्हणून तिचा मागचा प्रवास माहीत असावा.

१९७०च्या दशकात कार्नेगी मेलन विद्यापीठात बोललेले इंग्रजी ओळखणारी हिअरसे-२ ही प्रणाली तयार झाली. तिच्यातले वेगवेगळे तज्ज्ञ-प्रोग्राम एकमेकांना थेट न बोलावता एका सामायिक फळ्यावर आपापले अंदाज लिहीत. पुढे येल विद्यापीठातल्या डेव्हिड गेलर्न्टर यांनी १९८५ साली लिंडा या प्रोग्राम-जोडणीच्या भाषेची मांडणी प्रसिद्ध केली. लिंडाच्या नेहमीच्या क्रिया चारच. ‘आउट’ने टपल (मूल्यांचा छोटा संच) जागेत ठेवायचा, ‘इन’ने काढून घ्यायचा, ‘आरडी’ने न काढता वाचायचा आणि ‘इव्हॅल’ने नवी प्रक्रिया सुरू करायची. जागेत ठेवलेला टपल ठेवणाऱ्यापासून स्वतंत्र होतो. ठेवणारा प्रोग्राम संपला तरी टपल राहतो, आणि घेणारा अजून सुरू झालेला नसला तरी बिघडत नाही.

लिंडाचा रोख समांतर गणनेवर होता. मोठ्या गणिताचे तुकडे जागेत टाकायचे, मोकळा झालेला प्रोसेसर एक तुकडा उचलणार, उत्तर परत ठेवणार. तिथे कोणता तुकडा आधी गेला याने काहीच फरक पडत नाही. त्यामुळे क्रमाची हमी कोणी मागितली नाही आणि कोणी दिलीही नाही.

सन मायक्रोसिस्टिम्सने जानेवारी १९९९मध्ये नेटवर्कवरच्या सेवा एकमेकींना जोडणारे जिनी हे तंत्र अधिकृतपणे सादर केले. त्याच्यासोबतच्या जावास्पेसेसने हीच कल्पना जावाच्या ऑब्जेक्टवर बसवली: राइट, रीड, टेक आणि नवे काही आल्याची वर्दी देणारे नोटिफाय. लिंडात नसलेल्या दोन मोलाच्या गोष्टी इथे मिळाल्या, ट्रॅन्झॅक्शन (सगळ्या पायऱ्या एकत्र पक्क्या, नाहीतर सगळ्या रद्द) आणि लीज, म्हणजे मुदत. पुढे जिगास्पेसेससारखी व्यापारी उत्पादने आली, त्यांनी क्रमाने उचलण्याची सोयही दिली. जिनीचा मूळ कोड नंतर काही वर्षे अपाची रिव्हर या नावाने चालू राहिला.

इंटिग्रेशनवाल्यांच्या हाती स्पेस आली ती म्यूल आणि अपाची कॅमलसारख्या चौकटींतून. या चौकटींना फाइल, एचटीटीपी, जेएमएस (जावाची निरोपरांगेची पद्धत) ही सगळी एकाच प्रकारच्या टोकांसारखी दिसतात. मग स्पेसही एक टोक झाली. कॅमलच्या २.१ आवृत्तीपासून जावास्पेसचा घटक मिळू लागला आणि वेगळे काही न सांगितल्यास त्याची वाचण्याची क्रिया ‘टेक’ होती. मार्ग लिहिणाऱ्याला पत्ता बदलला की काम झाले असे वाटे. पण हात बसलेला असे तो जेएमएसच्या रांगेवर.

काट्याचेच उदाहरण घेऊ. ‘टेक’ निरोप काढून नेते. एकच वजननोंद ठेवली, तर ज्या कामाने ती आधी उचलली त्यालाच मिळेल आणि उरलेली तीन कामे उपाशी राहतील. म्हणून काट्याच्या प्रोग्रामने एकाच ट्रॅन्झॅक्शनमध्ये चार नोंदी लिहाव्यात, प्रत्येकीत ‘काम’ हे फील्ड (रकाना) वेगळे. एसएमएसच्या नोंदीत ‘भाषा’ हे फील्डही ठेवावे. मराठी एसएमएस पाठवणारा प्रोग्राम या दोन फील्डांत किंमत भरून आणि बाकी सगळी नल ठेवून साचा, म्हणजे हव्या नोंदीचे वर्णन, देतो. नल म्हणजे ‘काहीही चालेल’. म्हणूनच ‘हे फील्ड रिकामे असलेल्या नोंदी द्या’ अशी मागणी साच्याने करताच येत नाही. त्यासाठी वेगळे बूलियन (हो/नाही) फील्ड लागते. फील्डे पब्लिक हवीत आणि ऑब्जेक्ट हवीत: साधा ‘इंट’ चालत नाही, ‘इंटिजर’ लागतो. ‘दहा टनांहून जास्त’ असे विचारण्याची सोय नाही, जुळणी फक्त तंतोतंत.

ही तंतोतंत जुळणी फील्डाच्या सीरियलाइझ केलेल्या, म्हणजे बाइटांत मांडलेल्या, रूपावर होते आणि देवनागरीत इथे हमखास घात होतो. गावाच्या किंवा माणसाच्या नावातला ‘ऱ’ युनिकोडमध्ये दोन प्रकारे येतो: एकच संकेत, किंवा साधा र आणि खाली नुक्ता. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, साच्याशी मात्र जुळत नाहीत. नोंद स्पेसमध्ये पडून राहते, चूकही दिसत नाही. लिहिण्याआधी मजकूर एनएफसी या युनिकोडच्या एकसारख्या रूपात आणावा. त्याहून बरे म्हणजे जुळणीच्या फील्डात नावे ठेवूच नयेत, गावाचा आणि भाषेचा अंकी कोड ठेवावा.

मुदतीचा फटका याहून मोठा. लीज मिलिसेकंदांत दिली जाते. पाच मिनिटे म्हणून ३,००,००० दिले आणि एसएमएसचा गेटवे (एसएमएस पुढे पाठवणारी सेवा) रात्रभर बंद राहिला, तर नोंदी मुदत संपताच गुपचूप नाहीशा होतात. जेएमएसच्या ब्रोकरमध्ये (रांगा सांभाळणाऱ्या प्रोग्राममध्ये) असते तशी न पोचलेल्या निरोपांची वेगळी रांग इथे आपोआप मिळत नाही. शेतकऱ्याच्या टनेजाच्या नोंदीला अशी मुदत देणे चूकच आहे. मूळ वजन आधी डेटाबेसमध्ये जायला हवे.

ट्रॅन्झॅक्शनची मुदत दुसऱ्या बाजूने चावते. टेक, एसएमएस पाठवणे आणि कमिट (पक्के करणे) एका ट्रॅन्झॅक्शनमध्ये असेल, तर प्रोग्राम मध्येच पडल्यावर मुदत संपते, ट्रॅन्झॅक्शन रद्द होते आणि नोंद परत दिसू लागते. इथवर उत्तम. पण मुदत ३० सेकंद आणि गेटवेचे उत्तर ४० सेकंदांनी आले, तर एसएमएस गेलेला असतो आणि नोंदही परत आलेली असते. शेतकऱ्याला तोच निरोप दोनदा जातो. मुदत सर्वांत संथ पायरीपेक्षा जास्त ठेवावी आणि पावती क्रमांक तपासून दुसऱ्या वेळचे पाठवणे अडवावे. बिघडलेली नोंदही अशीच पुन्हा पुन्हा परत येते. तिच्यात ‘प्रयत्न’ हा आकडा ठेवून तिसऱ्या वेळी तिला बाजूला काढावे.

नोटिफायवर विसंबू नये. वर्दी हरवू शकते. वर्दी आली की उचलायला सुरुवात करावी, पण ठरावीक वेळाने वर्दीविनाही टेक करत राहावे.

मांडणीतही जुने ठसे आहेत. जिनी सेवा शोधते मल्टिकास्टने (नेटवर्कवर सगळ्यांना एकदम हाक देऊन), पोर्ट ४१६०. काटा एका नेटवर्कवर आणि ऑफिस राउटरच्या पलीकडे असेल, तर मल्टिकास्ट अनेकदा पोचतच नाही. थेट पत्ता द्यावा लागतो. नोंदीचा क्लास बदलून एकाच टोकाला नवा बसवला, की दुसऱ्या टोकाला ती वाचता येत नाही. जिनीत दुरून येणाऱ्या कोडला आवर घालणारा जावाचा सिक्युरिटी मॅनेजर २०२१ सालच्या जावा १७मध्ये मावळतीला लावला गेला, त्यामुळे आज या जुन्या पद्धतीवर नवी उभारणी करू नये.

‘टेक’ची कल्पना मात्र टिकली. पोस्टग्रेएसक्यूएल या डेटाबेसच्या ९.५ आवृत्तीपासून ‘फॉर अपडेट स्किप लॉक्ड’ मिळते: दुसऱ्याने धरलेल्या ओळी सोडून आपल्या अटीत बसणारी पुढची ओळ धरायची, काम करायचे, कमिट करताना ती पुसायची. अट साच्यापेक्षा मोकळी, म्हणजे ‘दहा टनांहून जास्त’ही चालते, ‘ऑर्डर बाय’ लावून जुनी ओळ आधी घेता येते, मुदतीत काही नाहीसे होत नाही. कारखान्याच्या काट्यावर एवढ्या सोयीत काम नीट चालते आणि नोंद वजनाच्या तक्त्याशेजारीच, त्याच बॅकअपमध्ये राहते.