हिंदीत छाल, मराठीत साल

हिंदीत छह, मराठीत सहा. हिंदीत छाल, मराठीत साल. छुरी–सुरी, छींक–शिंक, कछुआ–कासव, बछड़ा–वासरू, मछली–मासळी. यादी हवी तेवढी लांबवता येईल. हिंदीनं जिथे छ राखला तिथे मराठीत स किंवा श आला आहे, आणि तोही एखाद्या शब्दात नव्हे, ओळीनं.

शब्दांची मुळं शोधणारा अभ्यासक इथून कामाला लागतो, आणि व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या व्युत्पत्तींची वाट इथेच वेगळी होते. तिथे दोन शब्द कानाला सारखे लागले की नातं जुळलंच म्हणून समजा. अभ्यासक मात्र नुसत्या साम्यावर विश्वास टाकत नाही. ऑस्ट्रेलियातल्या म्बाबाराम भाषेत कुत्र्याला ‘डॉग’ म्हणत. भाषाशास्त्रज्ञ आर. एम. डब्ल्यू. डिक्सन यांनी 1960च्या दशकात या भाषेच्या नोंदी घेतल्या. हा शब्द इंग्रजीतून उचलला असणार असं कुणालाही वाटेल. पण आसपासच्या यिडिन भाषेत कुत्रा म्हणजे ‘गुडागा’, आणि म्बाबाराममध्ये शब्दांची दोन्ही टोकं झिजण्याचे जे नियम दिसतात ते लावले की गुडागाचा ‘डॉग’च होतो. इंग्रजी शब्दाशी साम्य आहे ते निव्वळ योगायोगानं. उलट कछुआ आणि कासव कानाला फारसे सारखे लागत नाहीत, तरी दोन्ही संस्कृत ‘कच्छप’चेच वंशज आहेत. पुरावा साम्यात नसतो, फरक नेमानं पडतो की नाही यात असतो.

हा फरक पडला कसा, ते तोंडातच तपासता येतं. सावकाश ‘छ’ म्हणून पाहा. जीभ आधी टाळूला टेकते, हवा अडते, मग घासत सुटते. ते टेकणं ढिलं झालं की नुसतं घासणं उरतं, म्हणजे स. पुढे इ किंवा ए असेल तर जीभ टाळूकडे ओढली जाते आणि स चा श होतो. म्हणून सुरीत स आहे आणि शिंकेत श. फ्रेंच अभ्यासक ज्यूल ब्लॉक यांनी मराठीच्या घडणीवरचा आपला ग्रंथ 1920 साली प्रसिद्ध केला, त्यात असे ध्वनिबदल एकेक करून लावून दाखवले आहेत.

नियम हाती आला की डोळ्यांसमोरचे शब्द वेगळे दिसू लागतात. ‘पुसणे’ घ्या. वाट पुसणे आणि फळा पुसणे, दोन्ही एकाच क्रियापदाची रूपं वाटतात. पण नियम उलटा चालवून हिंदीत गेलं तर दोन वेगळे शब्द समोर येतात: पूछना आणि पोंछना. पहिल्याचं मूळ संस्कृत ‘पृच्छति’, दुसऱ्याचं ‘प्रोञ्छति’. मराठीत येईपर्यंत दोघेही झिजून एकाच साच्यात बसले.

शिंपी हा शब्द तर याहून गमतीचा. नियमानं त्याचा हिंदी भाऊ ‘छीपी’ असायला हवा, आणि तो आहे. पण छीपी कपडे शिवत नाही, कापडावर ठसे छापतो. ध्वनी नेमानं बदलला आणि अर्थ मात्र आपल्या वाटेनं गेला. कापडाशी संबंध राहिला, काम बदललं. संत नामदेवांना आपण शिंपी म्हणून ओळखतो. गुरुग्रंथसाहिबात समाविष्ट झालेल्या त्यांच्या पदात हाच शब्द ‘छीपा’ होऊन येतो.

संस्कृत क्ष पाशी मात्र गुंता आहे. क्षेत्राचं हिंदीत खेत झालं, मराठीत शेत. मक्षिकेची मक्खी आणि माशी. म्हणजे मराठीचं शेत ‘छेत्त’सारख्या रूपावरून आलं आणि हिंदीचं खेत ‘खेत्त’वरून. हे अंदाजपंचे नाही. अशोकानं इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात एकच मजकूर ठिकठिकाणी कोरवला, आणि कोरताना त्या त्या भागातली बोली त्यात उतरली. रस्त्याच्या कडेला झाडं लावल्याची हकिगत सौराष्ट्रातल्या गिरनारच्या शिळेवर आहे, तिथे वृक्षांसाठी ‘व्रछा’ आहे. देहरादूनजवळच्या काळसीला तोच लेख वाचा, तिथे ‘लुखानि’. पश्चिमेला छ, उत्तरेला ख. मराठी दोन्हीकडून घेत आली, म्हणून आपल्याकडे शेत, माशी, ऊस यांच्या शेजारी राखणे आणि कवितेतला रुखही सुखानं नांदतो.

‘क्षण’ या शब्दानं तर दोन्ही वाटा धरल्या. संस्कृतात त्याचा अर्थ निमिष, तसाच मोकळा वेळ आणि उत्सवही. पालीत ही वाटणी चक्क ध्वनीवर झाली: ‘खण’ म्हणजे निमिष, ‘छण’ म्हणजे उत्सव. त्या छणाचं मराठी रूप म्हणजे सण. पुढे संस्कृतातून ‘क्षण’ आपण पुन्हा जसाच्या तसा उचलला. त्यामुळे ‘सणाचा क्षण’ म्हणणारा माणूस एकच शब्द दोनदा उच्चारत असतो.

अर्थाची अशी वळणं ठरवायला आठवण किंवा तर्क पुरत नाही, वाक्यं लागतात. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात 1948 साली सु. मं. कत्रे यांच्या पुढाकारानं संस्कृतच्या ऐतिहासिक कोशाचं काम सुरू झालं. सुमारे 1,500 ग्रंथांतून जवळजवळ 1 कोटी चिठ्ठ्या काढल्या गेल्या. शब्द कुठल्या ग्रंथात, कुठल्या वाक्यात आला ते चिठ्ठीवर टिपायचं, मग चिठ्ठ्या काळाच्या क्रमानं मांडायच्या. अर्थ कुठे वळला ते मग त्या रांगेत दिसतं. काम कंटाळवाणं आहे खरं, पण त्याला दुसरा उपाय नाही.

आता शब्दाच्या आतली रचना. शेतकरी, वारकरी, गावकरी यांतला ‘करी’ सहज सुटा होतो, कारण तोच तुकडा तसाच अर्थ घेऊन अनेक शब्दांत येतो. तुकडा खरा की भासमान, याची कसोटी हीच. ‘शिंपी’तला ‘पी’ या कसोटीवर टिकत नाही. ‘अस्वल’ही आज फुटत नाही; ‘अस’ आणि ‘वल’ यांना आपल्या कानी काही अर्थ नाही. पण प्राकृतात तो ‘अच्छभल्ल’ होता. अच्छ म्हणजे संस्कृत ‘ऋक्ष’, अर्थात अस्वल, हिंदीत रीछ. भल्ल म्हणजेही अस्वलच, हिंदीत भालू. धनदौलतीसारखी एकाच अर्थाची जोडी झिजत झिजत एकजीव झाली.

या ऋक्षाची सोयरीक लांबवर पोचते. ग्रीकमध्ये तो ‘आर्क्तोस’, आणि उत्तरेच्या आकाशातल्या अस्वलाच्या तारकासमूहावरून ‘आर्क्टिक’ हे नाव आलं. भाषाशास्त्राचा खरा कस लागला तो अशा मुळांवर. स्विस भाषाशास्त्रज्ञ फेर्दिनां द सोस्यूर यांनी 1879 साली, वयाच्या एकविशीत, असं मांडलं की संस्कृत, ग्रीक यांची पूर्वज असलेल्या इंडो-युरोपीय मूळ भाषेत असे काही ध्वनी असले पाहिजेत जे तेव्हा ज्ञात असलेल्या एकाही भाषेत उरलेले नाहीत. पुरावा काय, तर मुळांच्या रचनेतली रिकामी राहिलेली घरं. पुढे तुर्कस्तानात हिटाइट या प्राचीन भाषेतला मजकूर कोरलेल्या मातीच्या विटा सापडल्या, 1915 साली ती भाषा उलगडली, आणि 1927 साली पोलिश अभ्यासक येर्झी कुरिवोविच यांनी दाखवलं की त्यातल्या काही घरांत हिटाइटमध्ये चक्क ह सारखा ध्वनी उभा आहे. हिटाइटमधला ‘हर्तग्गश’ हा एका हिंस्र प्राण्याचा शब्द बहुतेक अभ्यासक अस्वलाचाच मानतात. आपल्या ‘अस्वल’मधला अ आणि त्या शब्दाचं ‘हर’ एकाच जागेवरून निघालेले आहेत.

नियम म्हटला की अपवाद विचारायलाच हवा. बिच्छूचा मराठीत ‘विसू’ व्हायचा, झाला विंचू. बाराव्या शतकात हेमचंद्र या जैन पंडितानं आपल्या प्राकृत व्याकरणात एवढ्या एका शब्दासाठी सूत्र खर्ची घातलं आहे: ‘वृश्चिक’मधल्या ‘श्चि’चा विकल्पानं ‘ञ्चु’ होतो. प्राकृतातच रूपं दोन होती. मराठीनं च चं उचललं, आणि त्यात छ नसल्यामुळे नियमाला हात घालायला जागाच राहिली नाही.

अपवादांची दुसरी जात उसनवारीची. नियम कायमचा चालू राहत नाही. मराठी घडताना तो चालला आणि थांबला. त्यानंतर आलेल्या छत, छापणे अशा शब्दांचा छ शाबूत आहे, म्हणून मराठी शब्दात छ दिसला की अभ्यासक आधी तो आला कुठून ते विचारतो. ‘छप्पर’ हा आपल्याला अगदी घरचा वाटतो, पण खेड्यापाड्यांत गवती झोपडीला सपार किंवा सप्पर म्हणतात. नियमानं आलेला शब्द तो. छप्पर मागाहून आलेला.